तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा तिथेच अर्ज का?

परवा क्लास सुटल्यावर एका विद्यार्थ्याची आई थांबली. मुलगा बाहेर बूट घालत होता, म्हणून हळू आवाजात म्हणाली, "सर, एक विचारू का? राग मानू नका. तुम्हाला त्या विमान कंपनीने पायलट म्हणून दोनदा नाही म्हटलं ना? मग तिसऱ्यांदा तिथेच कशाला अर्ज करताय?"

'राग मानू नका' म्हणून विचारलेल्या प्रश्नाचा राग मानता येत नाही, ही आपल्याकडची फार जुनी सोय आहे. मी हसलो आणि "बघू" म्हणालो. हाच प्रश्न मामाने विचारला तेव्हा "ओळखीची जागा आहे" असं सांगितलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना "जागा निघाल्यात" एवढंच. बँकेतल्या साहेबांना तर "यंदा नक्की" असंही सांगून बसलोय, कारण त्यांना दुसरं काही ऐकायचंच नसतं. चार जणांना चार उत्तरं देऊन दमलो. आता एकदाच लिहितो, पुढच्याला लिंक पाठवीन.

सोपा भाग आधी. "दुसऱ्या कंपन्या नाहीत का?" आहेत. पण माझ्या लायसन्सवर ए-३२० या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते उडवायची परवानगी, आहे आणि ते त्याच जातीच्या विमानापुरतं चालतं. एटीआर किंवा बोइंग ७३७ उडवायचं तर रेटिंग पुन्हा, म्हणजे पैसे पुन्हा. ए-३२० वाल्या कंपन्या आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. माझं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं मार्च २०१९ मध्ये, आणि १७ एप्रिलला जेट एअरवेज बंद पडली. मी उड्डाणाचे दोनशे तास घेऊन बाजारात उतरलो आणि महिनाभरात तिथे हजारो तासवाले येऊन उभे राहिले. पुढच्या वर्षी २५ मार्चपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानंच जमिनीवर. हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही पेपर वाचता. तरीही "अजून लागला नाही?" असं विचारता, जणू मी पंख्याखाली झोपून होतो.

"मग दुसरं काहीतरी कर." करतोय की. नारायण पेठेत दोन खोल्यांच्या क्लासमध्ये पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांना मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) आणि नेव्हिगेशन शिकवतो. डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, पेपरात सत्तर टक्क्यांना पास आहे आणि माझी बहुतेक पोरं पहिल्या फटक्यात काढतात. पण वाट बघणंही फुकट नसतं. क्लास वन मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) दरवर्षी, आणि हात गंजू नये म्हणून अधूनमधून सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट. दोन तासांच्या सिम्युलेटरला एका बॅचची कमाई जाते.

इथवरचं सगळं खरं आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्या कंपनीतल्या माझ्या पहिल्या अर्जात आहे.

सिम्युलेटर चोवीस तास चालतात, आणि आमच्यासारख्या उमेदवारांच्या वाट्याला उरलेसुरले स्लॉट येतात. माझा रात्री पावणेतीनचा होता, दिल्लीजवळ. लेखी झालं होतं, कॉम्प्युटरवरच्या चाचण्या झाल्या होत्या, सायकोमेट्रिक झालं होतं. आता सिम, मग मुलाखत. माझ्यासोबत नागपूरचा एक मुलगा होता, त्याला इथे भिडू म्हणतो. बाहेरच्या मशिनमधली गोडमिट्ट कॉफी दोघांनी अर्धी अर्धी प्यायली. पांढरा डबा पायांवर उभा असतो, आत जायला लहानसा पूल, आणि दार लागलं की पूल मागे सरकतो. तो सरकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आधी मी उडवणार, भिडू डाव्या-उजव्या घडामोडींवर लक्ष ठेवणार. ऑटोपायलट बंद, ऑटोथ्रस्ट बंद, फ्लाइट डायरेक्टर बंद, म्हणजे आपोआप मदत सगळी बंद, नुसत्या खुणांवर आयएलएस (धावपट्टीकडे नेणारा रेडिओ मार्ग) धरायचा. परीक्षक मागच्या खुर्चीत, आणि एटीसी, म्हणजे जमिनीवरून सूचना देणारा नियंत्रक, तोही तेच. त्यांनी वळण उशिरा दिलं, उंची जास्त ठेवली, वर टेलविंड, म्हणजे मागून वारा. मी थ्रस्ट आयडलला ओढला, म्हणजे इंजिनांचा जोर अगदी कमी केला, गिअर (चाकं) लवकर सोडला, फ्लॅप्स एकामागोमाग एक. ग्लाइड स्लोप, म्हणजे उतरायची ठरलेली तिरकी वाट, वरून पकडायचा होता. विमान खाली येत होतं, पण वेग उतरेना. खंबाटकीच्या उतारावर भरलेला ट्रक ब्रेकला दाद देत नाही, तसं.

हजार फुटांवर विमान स्वतःच बोलतं. सपाट, भावना नसलेला आवाज: "वन थाउजंड." त्या क्षणी सगळं जागच्या जागी हवं. फ्लॅप्स पूर्ण, वेग ठरलेल्यापेक्षा फार तर दहा नॉट जास्त, इंजिनं आयडलच्या वर. बाहेर स्वच्छ दिसत असेल तर पाचशेपर्यंत सवलत असते, पण आम्ही ढगात होतो. वेग हवा होता १३६. होता १५१. इंजिनं आयडलवर.

भिडू म्हणाला, "स्पीड."

मी म्हणालो, "करेक्टिंग."

तो म्हणाला, "अनस्टेबल."

मी म्हणालो, "करेक्टिंग."

इथे काय करायचं असतं ते माझ्या पहिल्या बॅचचं पोरही सांगेल. थ्रस्ट लिव्हर पुढे, नाक वर, 'गो-अराउंड, फ्लॅप्स' म्हणायचं आणि वर निघून जायचं. पुन्हा फेरी मारून नीट यायचं. त्यात कुणाला कमीपणा नाही, उलट न करण्यात आहे. हे मला त्या रात्रीही तोंडपाठ होतं. माझा उजवा हात नव्हे, अख्खं अंग त्या लिव्हरवर होतं. आणि डोक्यात एकच, की वर गेलो तर मागच्या माणसाला कळेल की मी गडबडलो. त्याच्यासमोर वेग लिहिलेला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आठशेला वेग १४३ झाला, इंजिनं वर आली. पाचशेच्या आसपास ढग संपला आणि समोर धावपट्टीचे दिवे, बरोबर मधोमध. फिफ्टी, फोर्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड. चाकं टेकली ते कळलंसुद्धा नाही. तसं लँडिंग मी आजवर केलेलं नाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, लँडिंगबद्दल असेल.

"थँक यू. जागा बदला," एवढंच म्हणाले.

सकाळी सहाला कऱ्हाडला फोन केला. "मस्त झालं." बाबांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'चिरंजीवांची निवड जवळपास निश्चित.' खाली अंगठे, गुलाबाचे गुच्छ, आणि एका काकांचा चुकून पडलेला वाढदिवसाचा केक. अकरा दिवसांनी कंपनीचा मेल आला. चार ओळी. खेद आहे, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल, शुभेच्छा. कारण लिहीत नाहीत. बाबांनी तो मेसेज काढला नाही. अजून आहे तिथे, वर सरकवत गेलं की सापडतो.

त्यानंतरचे सहा महिने मी जे बोलायचो ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलंय. वशिला चालतो. यादी आधीच ठरलेली असते. परीक्षकाने मुद्दाम फास लावला, एवढ्या वरून कोण वळण देतं? यातलं शेवटचं खरंही असेल. फास होता. परीक्षाच होती ती! प्रत्यक्षातला एटीसीही कधीतरी एवढ्या वरून वळण देतोच, आणि त्याच्या मनात काही नसतं.

मग आकडे सापडले. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात आहे की अस्थिर अप्रोचपैकी (अप्रोच म्हणजे उतरण्याआधीचा शेवटचा टप्पा) सुमारे ९७ टक्के वेळा वैमानिक गो-अराउंड न करता उतरतात. केवढा दिलासा वाटला होता मला! ९७ टक्के माझ्यासारखेच. त्याच आठवड्यात क्लासमध्ये मंगळूरचा विमान अपघात शिकवायला आला. २२ मे २०१०, १५८ माणसं गेली. चौकशीत नोंद आहे की सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड करायला सांगितलं होतं आणि अप्रोच चालूच राहिला. एका मुलीने विचारलं, "सर, तीनदा सांगूनही का ऐकलं नसेल?" मी म्हणालो, "माणूस कधीकधी अडकतो," आणि स्लाइड पुढे सरकवली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

तरी तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, हजाराला नव्हतं, पण आठशेला झालं ना? मी म्हणतो, झालं. तो म्हणतो, दोनशे फूट म्हणजे किती, बारा-पंधरा सेकंद. मी म्हणतो, हो. तो म्हणतो, मग बारा सेकंदांसाठी तीन वर्षं? इथे माझ्याकडे उत्तर नसतं. नियम नियम असतो, हे मी त्याला सांगू शकतो, पण तो मेलेला मुद्दा आहे. नियम त्यालाही पाठ होता.

भिडूची निवड झाली. दोन महिन्यांनी त्याला फोन केला, सरळ विचारलं, "मला का नाही घेतलं रे?"

"तुला माहितेय," तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "खरं सांगू? मीपण 'गो-अराउंड' म्हणालो नाही. नुसतं 'अनस्टेबल' म्हणालो. बोलायला हवं होतं."

"तरी तुला घेतलं."

"हो, घेतलं."

यात न्याय काय आणि अन्याय काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. तो चांगला वैमानिक आहे. माझ्या लग्नाला येईल, मी त्याच्या जाऊन आलो. पण तो फोन मनातून जात नाही.

दुसरा अर्ज २०२४ मध्ये. फॉर्मवर रकाना असतो: यापूर्वी अर्ज केला होता का? आमच्या ग्रुपवर हमखास सल्ला मिळतो, 'नाही' टाक, कोण बघतंय. बघतात. त्यांच्याकडे फाइल असते. मी 'हो' टाकलं. प्रामाणिकपणाबद्दल पाठ थोपटून घेत नाहीये, पकडलो जाण्याची भीती जास्त होती.

सिममध्ये या वेळी हजार फुटांवर माझा वेग नऊ नॉट जास्त होता. दहापर्यंत चालतं. इंजिनं वर होती, सगळं नियमात होतं. आणि मी गो-अराउंड केला. अगदी पाठ्यपुस्तकी. दुसऱ्यांदा येऊन नीट उतरलो. मुलाखतीत तिघांपैकी मधल्या बाईंनी विचारलं, "तो गो-अराउंड का केलात?" मी सुरक्षिततेवर चांगलं पाठ केलेलं बोललो. "आणि मागच्या वेळी काय झालं होतं?" त्यावरही बोललो. चूक झाली, आत्मपरीक्षण केलं, त्यातून शिकलो. आरशासमोर दहा वेळा म्हटलेलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्हाला काय ऐकायला आवडेल ते तुम्ही सांगताय."

त्या मेलमध्येही चारच ओळी होत्या.

म्हणजे बघा, पहिल्यांदा करायला हवा होता तेव्हा केला नाही, दुसऱ्यांदा गरज नव्हती तेव्हा केला. दोन्ही वेळा मी विमानाकडे बघतच नव्हतो, मागच्या खुर्चीकडे बघत होतो. हे मला आता लिहिता येतंय. त्या बाईंसमोर सांगता आलं नाही.

तर, तिथेच का? दुसऱ्या कंपनीत गेलो तर मी कोरा जाईन. तिथे कुणाला १५१ माहीत नाही, कुणी विचारणार नाही, मीही सांगणार नाही, आणि कदाचित नोकरी लागेलसुद्धा. इथे माझी फाइल आहे. त्यात दोन्ही रात्री लिहिलेल्या आहेत. त्या वाचूनही कुणी 'या' म्हणालं, तर त्या 'या' वर माझा विश्वास बसेल. हे लिहिताना मला चांगलं वाटलं, आणि लगेच शंकाही आली, की हा नुसता दुखावलेला अहंकार तर नाही? बायको होणारी म्हणते, आहे. आई म्हणते, असू दे. बाबा काही म्हणत नाहीत, फक्त दर सोमवारी "जाहिरात आली का?" विचारतात. आणि दुसरीकडेही अर्ज टाकतोच आहे, हे सांगायचं राहिलं. कर्जाच्या हप्त्याला माझ्या तत्त्वांचं काही पडलेलं नाही.

सिम्युलेटरला आजकाल क्लासमधलाच एक माजी विद्यार्थी बरोबर घेतो, खर्च अर्धा अर्धा. गेल्या महिन्यात हजार फुटांवर तो "अनस्टेबल" म्हणाला आणि थांबला. मी वाट बघितली. "पुढचं म्हण," म्हटलं. तो घाबरला, सरांना कसं सांगायचं. "म्हण रे." मग म्हणाला. मी लिव्हर पुढे ढकलले. वेग किती होता हे मी बघितलंच नव्हतं. यात माझा निर्णय किती आणि त्याचं म्हणणं किती, घरी येईपर्यंत तोच विचार डोक्यात.

नव्या फॉर्ममध्ये एक जादा रकाना आलाय: मागील अर्ज नामंजूर झाला असल्यास, तुमच्या मते कारण. दोनशे अक्षरांची मर्यादा. तीन वेळा भरला, तीन वेळा पुसला. शेवटची तारीख शुक्रवार. त्याआधी परवा मेडिकल आहे, रक्ताला उपाशीपोटी जायचंय आणि रात्री जागरण केलं की माझं बीपी वर दाखवतं, म्हणून आता झोपतो.