तळाला जमलेली मंडळी

कोलनोस्कोपी झाली की काही दिवसांनी बायोप्सीचा कागद हातात पडतो. घरातले सगळे आधी शेवटची ओळ शोधतात: कॅन्सर नाही ना? नाही म्हटलं की कागद फाइलीत जातो. मधल्या मजकुरात कधीकधी ‘बेसल प्लाझ्मासायटोसिस’ असे दोन शब्द असतात, म्हणजे अस्तराच्या तळाला प्लाझ्मा पेशींची गर्दी. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराचा, संशय असेल, तर त्या कागदातला खरा ऐवज तोच.

बी पेशी ही एक प्रकारची पांढरी पेशी; ती पूर्ण तयार झाली की तिची प्लाझ्मा पेशी होते. मग तिला एकच काम उरतं, प्रतिपिंडं बनवत राहणं. स्लाइडवर ती चटकन ओळखू येते: लांबट गोल अंग, एका बाजूला सरकलेलं केंद्रक, त्याच्या कडेने घड्याळातल्या आकड्यांसारखे गडद ठिपके आणि शेजारी एक फिकट डाग. आतड्यात ती दिसली म्हणून दचकायचं कारण नाही. शरीरातल्या बहुतेक प्लाझ्मा पेशींचा मुक्काम आतड्याच्या अस्तरातच असतो. तिथे त्या रोज काही ग्रॅम आयजीए, म्हणजे एका प्रकारची प्रतिपिंडं, तयार करतात. हे आयजीए जोडीजोडीने अस्तराच्या पेशींमधून पलीकडे जातं आणि जिवाणूंना चिकटून त्यांना भिंतीपासून लांब ठेवतं. सूज नाही, ताप नाही, कुणाला पत्ताही नाही.

बघायचं असतं ते त्या बसल्या कुठे आहेत. निरोगी मोठ्या आतड्यात त्यांची गर्दी अस्तराच्या वरच्या भागात असते आणि खाली विरळ होत जाते. शिवाय सुरुवातीच्या भागात त्या जास्त, गुदाशयात कमी. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा क्रम मोडतो आणि मंडळी तळाला, ग्रंथींच्या बुडाशी असलेल्या स्नायूच्या पातळ थरालगत, ठाण मांडून बसतात. चार दिवसांच्या जंतुसंसर्गातही शौचातून रक्त आणि आव पडते, पण तिथे गर्दी मुख्यतः न्यूट्रोफिल्सची, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची, असते. प्लाझ्मा पेशी तळाला जमायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्या आजाराने घेतलेलाच नसतो.

अर्थात हे दिसायला तुकडे नीट घेतलेले हवेत. लहान आतड्याचं टोक आणि गुदाशय धरून निदान पाच जागा, प्रत्येक जागेचे दोन तुकडे, आणि प्रत्येक जागेची फॉर्मालिनची बाटली वेगळी, नाव घालून. सगळे एकाच बाटलीत टाकले की कुठला तुकडा कुठला ते कळत नाही, आणि डावीउजवीकडचा फरकच हातचा जातो. मेणाच्या ब्लॉकमध्ये तुकडा आडवातिडवा बसला तर तळ कापातच येत नाही; पॅथॉलॉजिस्ट बिचारा काय सांगणार? औषध सुरू झाल्यावर घेतलेला गुदाशयाचा तुकडा बराचसा निवळलेला दिसू शकतो, म्हणून पहिली बायोप्सी जमल्यास औषधाआधी.

जागेबरोबर मालही बदलतो. सुजलेल्या आतड्यात आयजीजी हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार बनवणाऱ्या पेशींचा वाटा वाढतो. आयजीजीही त्याच रहिवासी जिवाणूंना चिकटतं, पण त्याची शेपटी मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींना चेतवते, मॅक्रोफेज सूज वाढवणारी रसायनं सोडतात आणि आणखी पेशी धावत येतात.

आतड्याच्या दीर्घ सुजेचा दुसरा आजार क्रोन्स; त्याच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात पावाच्या यीस्टविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. त्यावरून पावाला दोषी धरू नये. आपल्याकडे क्रोन्स की आतड्याचा टीबी हा पेच नेहमीचा, आणि तो या तपासणीने सुटत नाही. नुसत्या तेवढ्यासाठी ती करणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग बी पेशीच काढून टाकल्या तर? २०११ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काहींना बी पेशी मारणारं रिटुक्सिमॅब हे औषध, काहींना नुसतं सलाइन. चार आठवड्यांनी आजार शांत होण्यात म्हणावा असा फरक नव्हता. रिटुक्सिमॅब सीडी२० ही खूण पाहून पेशी मारतं आणि मुरलेल्या प्लाझ्मा पेशीवर ती खूण नसतेच. म्हणजे आग ओकणारे जागेवर राहतात. उलट, आयएल-१० हे सूज शमवणारं रसायन सोडून सूज आवरणाऱ्या बी पेशींवर मात्र ती असते. कोलायटिस होणाऱ्या एका जातीच्या उंदरांत बी पेशी नसल्या तर आजार बळावतो. दुसऱ्याच आजारासाठी रिटुक्सिमॅब घेतलेल्या काही माणसांना नव्याने कोलायटिस झाल्याच्या नोंदीही आहेत.

वेडोलिझुमॅब या दुसऱ्या औषधाची चाल वेगळी. रक्तातून आतड्याकडे निघालेल्या पेशींच्या अंगावरचं अल्फा-४ बीटा-७ हे इंटेग्रिन, म्हणजे आतड्यात शिरायला लागणारं चिकटण्याचं प्रथिन, ते अडवतं. त्यात तरुण प्लाझ्मा पेशीही आल्या. आत वस्ती करून बसलेल्यांना ते हलवत नाही. डोस ३०० मिलिग्रॅम, शिरेतून: पहिला, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला, पुढे दर आठ आठवड्यांनी. तिसऱ्या डोसनंतर ‘काही फरक नाही हो’ म्हणत डॉक्टर बदलणारे बरेच असतात. चौदावा आठवडा उलटेपर्यंत या औषधाचा निकाल लावू नये.