टाकीची इशारा पातळी

आमच्या गच्चीवरची टाकी भरली की शेजारच्या काकू खिडकीतनं ओरडायच्या, "अगं, पाणी चाललंय बघ तुमचं!" घरची ऑटोमॅटिक यंत्रणा ती एवढीच. काकू गावाला गेल्या की गच्चीवर पूर. टाकीला अलार्म लावायचा, एवढ्याच हेतूनं मी मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायच्या छोट्या चिपच्या, नादाला लागले. शिक्षण बी.कॉम., नोकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात हिशेबाची. विजेशी संबंध बल्ब बदलण्यापुरता.

अशी चिप बसवलेला तयार बोर्ड घेतला, आर्डुइनो उनो. २००५ साली इटलीतल्या इव्रियामध्ये डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी हे प्रकरण सुरू झालं, म्हणजे बिगर-इंजिनिअर माणसांसाठीच. मी घेतला तो अस्सल नव्हे, त्याच आराखड्यावर बनवलेला स्वस्तातला. अशा बऱ्याच बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० नावाची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर नसला तर पोर्ट दिसतच नाही. मी ड्रायव्हर टाकला, तरी दिसेना. शेवटी केबल बदलली आणि लगेच दिसलं. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. ही गोष्ट पहिल्याच पानावर ठळक छापायला हवी, असं माझं मत.

बोर्डावरचा १३ नंबर पिनचा (पिन म्हणजे तार जोडायची जागा) दिवा लुकलुकवणं सोपं आहे, तयार प्रोग्रॅम चढवला की झालं. खरं शिक्षण बाहेरचा एलईडी जोडताना सुरू होतं. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खातो, पिनवर येतात ५. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे करंट अडवणाऱ्या छोट्या तुकड्यावर, सोडायचे. २२० ओहमचा लावला तर करंट जवळपास १४ मिलिअँपिअर. एका पिनमधून २० च्या आत राहावं, ४० ही तर शेवटची हद्द. म्हणजे हिशेब जमला. जमा-खर्चाची वही रोज जुळवणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही.

अवघड होता तो ब्रेडबोर्ड, म्हणजे डाग न देता तारा नुसत्या खोचून जोडायची भोकांची पाटी. पाच-पाच भोकं आतून जोडलेली, मधल्या खाचेच्या पलीकडची वेगळी, हे कळलं होतं. पण माझ्या लांब बोर्डाच्या डाव्या अर्ध्यात सगळं चालायचं आणि उजव्या अर्ध्यात काहीच नाही. आमच्या वर्कशॉपशेजारी मोटर वायंडिंग करणारे मामा आहेत. त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी प्रोग्रॅमकडे बघितलंसुद्धा नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवला (आतून जोड सलग असला की तो वाजतो), कडेच्या लाल पट्टीच्या दोन टोकांना टोचला. आवाज नाही. मग एक टोक हळूहळू सरकवत आणलं, तर मध्यापर्यंत आल्यावर बीप. "ताई, पट्टी मधी तुटक हाय. आधी मीटर लावा, मग डोकं लावा." काही ब्रेडबोर्डांच्या पॉवरच्या पट्ट्या अशा मधोमध तोडलेल्याच असतात. नीट बघितलं तर छापलेली लाल रेघही तिथं तुटलेली दिसते. दोन छोट्या वायरींनी ती जोडली. त्याच आठवड्यात मी मल्टिमीटर घेतला. सेन्सरच्या आधी तोच घ्यावा, हे मी कुणालाही सांगेन.

अलार्मचा बझर गप्प करायला एक बटण हवं होतं. त्यानं वेगळाच खेळ केला. बटण न दाबता नुसता हात जवळ नेला तरी दिवा लागायचा. सासूबाई म्हणाल्या, "देवाला नारळ फोडा आधी." इनपुट पिन कशालाच जोडलेली नसली की ती अधांतरी लोंबकळते आणि घरातल्या विजेच्या तारांची गुणगुण पकडते. चिपच्या आत पुलअप रेझिस्टर असतो, पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा, तो प्रोग्रॅममधल्या एका शब्दानं चालू होतो. फक्त मग उलटं वाचायचं: बटण दाबलं की शून्य, सोडलं की एक.

पाणी मोजायला अल्ट्रासोनिक सेन्सर घेतला, एचसी-एसआर०४. त्याला १० मायक्रोसेकंदांचा इशारा दिला की तो आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत मोजायचा आणि ५८ नं भागायचं, की सेंटिमीटर मिळतात. टेबलावर झकास चाललं. टाकीत मात्र आकडे उड्या मारायला लागले. सेन्सर भिंतीलगत असला तर आवाज भिंतीवरनंच परततो. तो झाकणाच्या मधोमध घेतला, पाच वाचनं घेऊन मधलं धरायला लावलं, मग शांत झाला. तरी त्या उघड्या डोळ्यांच्या सेन्सरला टाकीतली वाफ मानवत नाही. म्हणून पुढं वॉटरप्रूफ लावला. त्याला जवळचं साधारण २० सेंटिमीटरपर्यंत दिसत नाही, त्यामुळं झाकणावर पाइपचा तुकडा उभा करून त्यात उंचावर बसवला.

दिवे दोन, पिवळा आणि लाल. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतं. त्यामुळं दिव्यांचा अर्थ घरात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आता स्वयंपाकघरातनं सासूबाईंची हाक येते, "इशारा पातळी गाठली गं!" बोर्ड टाकीजवळ डब्यात ठेवलाय आणि खाली फक्त दिव्यांच्या आणि बझरच्या तारा आणल्यात. सेन्सरची तार लांबवली की वाचनं बिघडायला लागतात, दिव्याला तेवढं काही वाटत नाही.

मोटर आपोआप बंद करायचं काम मात्र अजून घेतलेलं नाही. रिले मॉड्यूल, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, आणून ठेवलंय, त्यावर १० अँपिअर लिहिलंय. मामांनी ते हातात घेऊन परत दिलं. मोटर सुरू होताना चालत्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते, त्या झटक्यानं एवढ्याशा रिलेचे पॉइंट चिकटून बसतात. मग बोर्ड "बंद" म्हणत राहील आणि मोटर चालूच. त्यांचं म्हणणं, रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरचा झटका सोसणाऱ्या दणकट स्विचची, कॉइल चालवायची, मोटर कॉन्टॅक्टरवर. २३० व्होल्टची पेटी वेगळी, आणि ती ते स्वतः बसवणार. दिवाळीच्या गर्दीतनं मोकळे झाले की येतो म्हणालेत.