दारातला पखवाज

कोल्हापूरहून गाडीला नवे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून आणल्यावर तिसऱ्याच दिवशी आमच्या भजनी मंडळाचे बुवा माझ्या शेजारी बसले होते. आम्ही जामसंड्याहून कणकवलीकडे निघालो होतो, तळेबाजार मागे पडले होते, आणि मी मोठ्या हौसेने आमच्याच डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांमधल्या भजनाच्या सामन्याचे, मिक्सरमधून थेट घेतलेले ध्वनिमुद्रण लावले होते. बुवांनी दोन मिनिटे डोळे मिटून ऐकले आणि शांतपणे विचारले, "मेल्या, पखवाज खंय गेलो? नुसती झांजच ऐकाक येता." मंडळात पखवाज मीच वाजवतो, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी लागला.

गाडी सात वर्षांची साधी हॅचबॅक आहे. कंपनीकडून येणारा संच वाईट असतो असे मी म्हणणार नाही. तो किमतीत बसवलेला असतो, इतकेच. चार दारांत कागदी शंकूचे, लहान चुंबकाचे हलके स्पीकर असतात आणि त्यांना चालवण्याचे काम स्टिरिओमधल्या एका चिपवर सोपवलेले असते. स्टिरिओवर '४ × ५० वॅट' असे छापलेले असले, तरी गाडीच्या सुमारे १४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून न फाटता मिळणारी शक्ती चॅनेलमागे १५ ते २० वॅटच असते. त्यात रस्त्याचा आणि टायरांचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीतला असल्याने तो नेमका खर्जच गिळतो. गाडी दारात उभी असताना जे भजन बरे वाटते, तेच महामार्गाला लागल्यावर पोकळ वाटू लागते, ते यामुळे.

म्हणून मी पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर घेतले. यात ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, वेगळा असतो आणि तो आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत, म्हणजे कानाच्या जवळपास, बसवता येतो. दारातला मोठा स्पीकर पोटरीपाशी असतो आणि वरचे स्वर सरळ रेषेत जाणारे असल्याने ते तिथून सोडले तर गुडघ्यांवरच आपटतात. जोडीला चॅनेलमागे ५० वॅटचा चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आला. मूळ स्टिरिओ तसाच ठेवला, कारण आजकालच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या तारांवरूनच संकेत घेता येतो आणि तयार कपलर, म्हणजे जोडणीचा खटका, वापरला की कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. मागच्या स्पीकरना हात लावला नाही. मागे बसणारे बहुधा झोपलेले असतात.

एवढे करूनही पखवाज गेला कुठे? नांदगावच्या तिठ्यावर बुवा चहाला उतरले, तेव्हा मी गाडीतच बसून राहिलो आणि स्टिरिओचा बॅलन्स, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरमधली आवाजाची वाटणी, पूर्ण डावीकडे नेला. पखवाज आला. पूर्ण उजवीकडे नेला, तरी आला. मध्यावर आणताच मात्र पखवाजाच्या डाव्या पुडीचा, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याचा, नाद असा नाहीसा झाला, की जणू कोणी तिच्यावरची कणीक खरवडून काढली असावी. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की डावीकडचा तो घुमारा सगळा त्या ओल्या कणकेच्या गोळ्यावर असतो. ती नसेल तर कातडे नुसते फडफडते.

कारण लक्षात आले, ते घरी जाऊन पडताळले. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरच्या तारा सोडवल्या, भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला, मुलाला दाराची जाळी काढून शंकूकडे बघत बसवले आणि तारांची टोके सेलला क्षणभर टेकवली. धन टोक धनाला लागले की शंकू बाहेर यायला हवा. डावीकडचा आला. उजवीकडे मुलगा म्हणाला, "बाबा, ह्यो आत गेलो." एका दाराच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एक शंकू हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढत होता, आणि खर्ज दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच मुद्रित झालेला असल्याने तो एकमेकांत विरून जात होता. झांजेच्या बारीक लहरींना असा हिशेब लागू पडत नाही, म्हणून ती तेवढी शिल्लक राहिली. ज्या दुकानात हे काम झाले त्यांनी फोनवर "नवीन स्पीकर मोकळे व्हायला वेळ लागतो" असे सांगितले होते. उलट्या तारा कितीही दिवस वाजवल्या तरी सुलट होत नाहीत, हे मी त्यांना कळवले नाही.

तारा बदलल्यावर पखवाज परतला, परंतु त्याच्याबरोबर दाराची खडखडही आली, आणि पावसाळा संपेपर्यंत ती इतकी वाढली, की दिवाळीनंतर मी दोन्ही दारांची आतली कव्हरे स्वतः उतरवली. चार क्लिपा मोडल्या, त्या नव्या आणल्या. आत जे दिसले त्यावरून माझे ठाम मत झाले, की पैसा स्पीकरवर घालण्याआधी दारावर घालावा. स्पीकरचा शंकू जितका आवाज पुढे टाकतो तितकाच, पण उलट, मागेही टाकतो. १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे दाराच्या आतल्या पत्र्याला थाळीएवढी भोके असतील, आणि ती असतातच, तर मागचा खर्ज त्यांतून वळसा घालून येतो व पुढच्या खर्जाला खाऊन टाकतो. एका दाराच्या आतच पुन्हा तोच उलट्या तारांचा खेळ.

यावर उपाय म्हणजे ब्यूटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली डॅम्पिंग शीट. बाहेरच्या पत्र्यावर मध्यभागी तुकडे चिकटवले की त्याचा डब्यासारखा वाजण्याचा गुण जातो. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते, तिसरा हिस्सा झाकला तरी पुरे. नंतर आतल्या पत्र्याची भोके बंद करून दाराची पेटी करायची. पत्रा आधी थिनरने पुसून घ्यावा लागतो आणि शीट लाकडी रोलरने दाबून बसवावी लागते. डांबरी शीट स्वस्त पडते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ती मऊ होऊन ओघळते, म्हणून ती टाळावी.

आता कोकणापुरता मुद्दा. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत गाडीचे दार आतून ओलेच असते, असे धरूनच काम केले पाहिजे. काचेवरून ओघळलेले पाणी रबराच्या फटीतून दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या छिद्रांतून निघून जाते. शीट चिकटवताना ती छिद्रे बुजली तर दोन पावसाळ्यांत दाराचा तळ गंजून हाताला येईल. माझ्या दारात स्पीकरखाली एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, कडी बसवलेली होती. ती चहात बुडवलेल्या बटरासारखी फुगली होती, स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होते, आणि खडखड तिथूनच येत होती. मी तिच्या जागी पीव्हीसी बोर्डाची कडी कापून घातली. स्पीकर निवडतानाही शंकू पॉलिप्रॉपिलीनचा आहे ना, हे पाहून घ्यावे. कागदी शंकूचा आवाज मधुर असतो हे खरे, पण आपल्या हवेत तो मधुरपणा फार दिवस टिकत नाही.

दुसरा शत्रू खारा वारा. बाजारात स्वस्तात मिळणारी जाड वायर बहुधा आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरीपेक्षा कमी वीज वाहून नेतेच, शिवाय कापलेल्या टोकाशी दोन धातू उघडे पडतात आणि दमट खाऱ्या हवेत तिथे पांढरी भुकटी जमू लागते. माझ्या जोडणीत ती दहा महिन्यांतच दिसली. मी शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर घातली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज ठेवला, आणि अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून बोल्ट आवळल्यावर वर ग्रीस लिंपले. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो अ‍ॅम्प्लिफायरपाशी ठेवला आणि मधेच कुठे वायर पत्र्याला घासून सोलली, तर आग लागेपर्यंत त्याला पत्ता लागणार नाही. अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली आहे, तोही पत्र्यावर न टेकवता दोन पट्ट्यांवर उचलून बसवला, कारण आषाढात ओल्या छत्र्या तिथेच टाकल्या जातात.

अ‍ॅम्प्लिफायरवरचे गेनचे बटण आवाज वाढवण्यासाठी नसते, तर स्टिरिओचा संकेत आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी असते, एवढे लक्षात ठेवले तरी जळणाऱ्या ट्वीटरपैकी निम्मे वाचतील.

डिकीत बारा इंची सबवूफरचे, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या मोठ्या स्पीकरचे, खोके टाक, असा सल्ला अनेकांनी दिला. पण चैत्र-वैशाखात आमची डिकी हापूसच्या पेट्यांची असते, आणि दारे नीट झाल्यापासून मला त्याची उणीवही भासलेली नाही. परवा अशाच पेट्या कणकवलीला पोहोचवायला निघालो, तेव्हा बुवा पुन्हा शेजारी होते. मी तेच ध्वनिमुद्रण लावले. शिरगाव येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता ऐकाक येता. तुझी कणीक त्या दिवशी सुकलेली होती रे."

ती खरेच सुकली होती.