उणीव सांगून दिलेल्या सुऱ्या

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या ईशान्य भागात, ईरी सरोवरापासून तासाभराच्या अंतरावर, शेतातले एक जुने लाकडी कोठार आहे. दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तेथे आमचा, म्हणजे हौसेने सुऱ्या घडवणाऱ्यांचा, मेळावा भरतो. आमच्यापैकी कोणाचेही पोट या कामावर चालत नाही. कोणी ट्रक चालवतो, कोणी शाळेत शिकवते, एक बाई निवृत्त परिचारिका आहेत आणि मी एका कारखान्यात मालाच्या तपासणीचे काम करतो. वर्षभरात सवड काढून प्रत्येकाने आपल्या गॅरेजमध्ये एक सुरी तयार करायची, नाताळापूर्वी ती मेळाव्यात आणायची, सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका हॅटमध्ये टाकायच्या आणि चिठ्ठीत जी सुरी नशिबी येईल ती आनंदाने घरी न्यायची, अशी ही भेटींची अदलाबदल आहे. इथल्या हौशी मंडळींमध्ये ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते आणि तिला ‘नाइफ इन द हॅट’ असे म्हणतात. आपली सुरी कोणाच्या हाती पडणार हे करणाऱ्याला शेवटपर्यंत ठाऊक नसते, त्यामुळे ती अनोळखी माणसासाठी करावी तितक्याच काळजीने करावी लागते. गेली ९ वर्षे चिठ्ठ्यांची ती हॅट आणि हिशेबाची वही माझ्याकडे आहे, आणि या दोन्हींचा मला अभिमान वाटतो.

सभेचा औपचारिक भाग दर वर्षी सारखाच असतो. जमाखर्च वाचला जातो, सामायिक ग्राइंडरच्या ७२ इंची पट्ट्यांसाठी वर्गणी ठरते, पुढच्या वर्षीची तारीख नक्की होते आणि सगळे जण घरून आणलेले जेवण जेवतात. ज्या गोष्टीसाठी मी दीडशे मैल गाडी चालवत जातो, ती जेवणानंतर सुरू होते.

आमच्याकडे सुरी देण्यापूर्वी ती करणाऱ्याने उभे राहून तिच्यातली उणीव सांगायची असते. ही प्रथा आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या सभासदाने, आयुष्यभर घोड्यांना नाल ठोकणाऱ्या एका नालबंदाने, घालून दिली. “कौतुक घेणारा करील, चूक मात्र करणाऱ्यालाच ठाऊक असते, तेव्हा ती त्याने सांगून टाकावी,” असे ते म्हणत. भाषण दोन मिनिटांचे असावे एवढाच नियम आहे. कोणी सांगतो की मुठीजवळ जिथून धारेचा उतार सुरू होतो तिथल्या दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींसमोर आलेल्या नाहीत. कोणी सांगते की मुठीच्या अक्रोडाच्या लाकडाखाली एके ठिकाणी इपॉक्सी गोंद कमी पडला आहे आणि तिथे केसाएवढी फट आहे, म्हणून सुरी पाण्यात भिजत ठेवू नये. माझा सारा दिवस कारखान्यात दुसऱ्यांनी लपवलेले दोष शोधण्यात जातो. इथे प्रौढ माणसे चारचौघांत उभी राहून, कोणी विचारलेले नसताना, आपल्या हातचा दोष बोटाने दाखवतात, तेव्हा दर वर्षी माझा गळा दाटून येतो. पहिल्या वर्षी मी मूठ ठोकताना भोक तिरपे पडल्याचे लपवून आणले होते. माझी पाळी आल्यावर ते आपसूक तोंडून निघाले, आणि त्या दिवसापासून मी स्वतःला या मंडळीतला एक समजू लागलो.

या सगळ्या भाषणांत मला सर्वांत जवळचे वाटते ते आमच्या ट्रकचालक मित्राचे. त्या वर्षी त्याने टेबलावर एकाऐवजी चार पाती मांडली. पोलाद नेहमीचेच होते, १०८४ जातीचे. त्यात कार्बन साधारण ०.८४ टक्के असतो आणि ते नवशिक्याला सांभाळून घेते, म्हणून आम्ही सर्वांना त्यापासूनच सुरुवात करायला सांगतो. पाते भट्टीत लाल होत जाते, ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते, मग आणखी थोडे, ८१५ अंशांपर्यंत, तापवून ते कोमट कॅनोला तेलात बुडवायचे. आमच्या गावाकडे लोहाराने कोयत्याला ‘पाणी दिले’ म्हणतात ते हेच काम, आणि तेल वापरले तरी माझ्या मनात त्याला आजही तोच शब्द येतो. पाते तेलात शिरल्यावर काही क्षण कोणी बोलत नाही, कारण सगळ्यांचे कान एका आवाजाकडे लागलेले असतात. काचेच्या पेल्यावर नख वाजवावे तसा बारीक ‘टिंग’ ऐकू आला की पात्याला तडा गेला असे समजायचे आणि कित्येक संध्याकाळींची मेहनत बाजूला ठेवायची.

त्याच्या पहिल्या दोन पात्यांनी असाच आवाज केला होता. त्याने ती तड्याच्या जागी मोडून आणली होती आणि मोडलेली टोके आमच्या हातात दिली. पहिल्याच्या आतला कण साखरेसारखा जाड आणि चमकता दिसत होता, म्हणजे ते फार तापले होते. दुसऱ्याचा कण चाळलेल्या राखेसारखा बारीक आणि करडा होता. “दुसऱ्या वेळी माझे तापमान बरोबर होते,” तो म्हणाला, “पण कानशीचा एक खोल ओरखडा मी घासून काढला नव्हता, आणि तडा तिथूनच सुरू झाला. तिसरे पाते वाकले. ही चौथी सुरी. हिची पाठ मुठीजवळ कागदाच्या जाडीइतकी अजून वाकडी आहे. सपाट फरशीवर ठेवून मागून दिवा दाखवलात तर तुम्हांला दिसेल. ज्यांना ही मिळेल त्यांनी उरलेली तीनही पाती न्यावीत, म्हणजे ही कशी झाली ते त्यांना कळेल.” एवढे बोलून तो खाली बसला. चिठ्ठी माझी निघाली.

सुरी घेताना घेणाऱ्याने देणाऱ्याला एक पेनी, म्हणजे एका सेंटचे नाणे, द्यायचा असतो. सुरी फुकट घेतली तर मैत्री तुटते, अशी इथली जुनी समजूत आहे. आपल्याकडे मीठ हातावर दिले तर भांडण होते म्हणतात, तशीच. त्या नाण्यांची बरणी मी घेऊन जातो. २०२५ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा शेवटचा पेनी पाडला गेला, तेव्हा मी आधी बरणीतली नाणी मोजली. आमच्या मेळाव्याला आणखी बरीच वर्षे पुरतील इतकी ती आहेत.

ट्रकचालक मित्राची सुरी मला मिळाली त्याच्या पुढच्या वर्षी आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून सहा महिने माझ्याकडे राहायला आली. तिचा सारा जन्म विळीवर गेलेला, तरी तिने ती सुरी उचलली, अंगठ्याने धार आडवी चाचपली आणि “पाणी चांगलं बसलंय रे,” एवढेच म्हणाली. कांदा चिरून पाते काळपट पडले याचे माझ्या घरी इतर सर्वांना वाईट वाटले, तिला मात्र नाही. विळीसारखी धुऊन कोरडी करायची आणि तेलाचे बोट फिरवून ठेवायची, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. खंडेनवमीला तिने सुरीला हळद-कुंकू वाहिले आणि त्या तीन मोडक्या-वाकड्या पात्यांनाही वाहिले. डिसेंबरात मी तिला मेळाव्याला नेले. ट्रकचालक मित्राने माझ्यामार्फत तिला विचारले की सुरीत काय उणे आहे. तिने संकोच न करता सांगितले, “मूठ माझ्या हाताला मोठी होते.” ते मी इंग्रजीत सांगताच त्याने पॉलिश पेपरचा एक तुकडा उलटा करून टेबलावर ठेवला, तिचा हात त्यावर ठेवायला सांगितला आणि कानामागची पेन्सिल काढून पंजाभोवती सावकाश रेघ ओढली. त्या मापाची लहान मुठीची सुरी त्याने पुढल्या वर्षी चिठ्ठ्यांच्या बाहेर, वेगळी करून आणली. तिच्यातली उणीवही त्याने रीतसर उभे राहून सांगितली. ती सुरी आज गावी आमच्या स्वयंपाकघरात आहे.

उपस्थितीविषयी माझ्या मनात सल आहे आणि तो मी लपवणार नाही. मागच्या वर्षी २६ जणांनी नावे दिली आणि प्रत्यक्षात १७ आले. ईरी सरोवरावरून येणाऱ्या बर्फामुळे ज्यांचे रस्ते खरोखर बंद झाले त्यांच्याविषयी मी बोलत नाही. पण काही जण दोन वर्षे सलग सुरी टपालाने पाठवतात आणि सोबत चार ओळींचे पत्र देतात. त्यांच्या सुऱ्या आमच्यापेक्षा सुबक असतात, हे मी मान्य करतो. तरीही दुसऱ्याने वाचून दाखवलेली उणीव ही सांगितलेली उणीव नव्हे, असे माझे ठाम मत आहे. आमच्या भागातल्या मराठी मित्रांनाही मी दर वर्षी आग्रहाने बोलावतो, आणि आजवर त्यांच्यापैकी एकच कुटुंब आले आहे. गणपतीला जितक्या लांबून लोक येतात तितके हे अंतर नाही.

दुपारी दोरी कापण्याचा कार्यक्रम होतो. आमच्या निवृत्त परिचारिकाबाईंनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या सुऱ्या घडवणाऱ्यांच्या संघटनेच्या जर्नीमन (कुशल कारागीर) परीक्षेतली सुरीची कसोटी पार केली आहे. तीत स्वतः घडवलेल्या सुरीने लोंबती १ इंच जाड दोरी एका घावात कापावी लागते, लाकडाच्या फळ्या तोडाव्या लागतात, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस उतरावे लागतात आणि शेवटी पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवले तरी ते मोडून चालत नाही. त्यांची ती काटकोनात वाकलेली सुरी कोठाराच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेली असते. नवीन येणाऱ्यांना मी सर्वांत आधी तिच्यापाशी नेतो.

आता ज्यांच्यावाचून हे काहीच होत नाही त्यांच्याविषयी. नाव छापून आलेले त्यांना आवडत नाही, म्हणून कामांवरूनच सांगतो. कोठाराचे मालक आणि मालकीणबाई, ज्या पहाटे पाच वाजता शेगडी पेटवून जागा ऊबदार करतात. होम्स परगण्यातले आमिश पंथाचे लाकूडवाले, जे अक्रोडाचे उरलेले तुकडे आमच्यासाठी वेगळे काढून ठेवतात. चिठ्ठ्यांवर नावे लिहिणारी शिक्षिका, आणि तिची मुलगी, जी आता १२ वर्षांची आहे आणि हॅटमधून चिठ्ठ्या काढण्याचे काम वयाच्या तिसऱ्या वर्षापासून करते. जेवणानंतर भांडी घासायला नेहमी मागे थांबणारे ते तिघे भाऊ. जखमांसाठी पट्ट्या आणि औषधे स्वतःच्या खर्चाने आणणाऱ्या परिचारिकाबाई. नालबंद आजोबा, जे आता चालू शकत नाहीत. त्यांची खुर्ची भट्टीजवळ असते आणि प्रत्येक भाषण संपल्यावर सगळे त्यांच्याकडे पाहतात. माझी पत्नी, जिच्या ओव्हनमध्ये पाणी दिलेली माझी पाती, ठिसूळपणा जावा म्हणून, २०० अंश सेल्सिअसवर दोन-दोन तास, दोनदा, ठेवली जातात आणि त्या दिवशी घरात दुसरे काही शिजत नाही.

आणि एक नाव गेल्या वर्षीच्या आभारांत माझ्याकडून राहून गेले होते, ते शेजारच्या शेतावरच्या गृहस्थांचे. ते सुऱ्या करत नाहीत आणि मेळाव्याला आत येऊन बसतही नाहीत, पण त्या शनिवारी आम्ही पोहोचण्याआधी, ट्रॅक्टरला रुंद फावडे लावून हमरस्त्यापासून कोठाराच्या दारापर्यंतचा सारा बर्फ तेच बाजूला सारून ठेवतात.