लॉक करा की लॉक करून?

व्हॅम्पायर: दि इटर्नल स्ट्रगल या कार्ड गेमच्या स्पर्धांमध्ये मी जज म्हणून काम करते. लोकांना वाटतं जज म्हणजे लबाडी पकडणारा माणूस. तसं नसतं हो, माझा बहुतेक वेळ पानांवरच्या वाक्यांचा अर्थ लावण्यात जातो आणि ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी तर एका पानावरच्या दोन शब्दांनी फायनलचं टेबल हलवलं.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण गोल बसतात, प्रत्येक जण एक अतिप्राचीन व्हॅम्पायर असतो, मेथुसेला, जो स्वतः पडद्यामागे राहून धाकट्या व्हॅम्पायरांना कामाला लावतो. सुरुवातीला प्रत्येकाकडे ३० पूल, तो संपला की तुम्ही बाद. तुमच्या डावीकडचा तुमचं सावज आणि उजवीकडचा तुमचा शिकारी. सावजाचा पूल कमी करायचा मुख्य मार्ग म्हणजे ब्लीड. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: कोणी बाद झालं की १ व्हिक्टरी पॉइंट आणि ६ पूल त्याच्या शिकाऱ्याला मिळतात, शेवटचा घाव कोणी का घातलेला असेना.

हा गेम रिचर्ड गारफिल्डने १९९४ साली काढला, तेव्हा नाव होतं जिहाद, पुढच्या वर्षी ते बदललं. नंतर प्रकाशक बदलले, २०१० मध्ये छपाई थांबली, खेळणाऱ्यांनी स्वतःच तो जिवंत ठेवला आणि २०१८ पासून नवीन अधिकृत पानं पुन्हा यायला लागली. म्हणजे एकाच डेकमध्ये तीस वर्षांपूर्वीचं पान आणि गेल्या वर्षीचं पान शेजारी शेजारी असतं. जुन्यावर टॅप लिहिलंय, नव्यावर लॉक, अर्थ तोच, पान आडवं करायचं. जिहादच्या पानांची पाठसुद्धा वेगळी म्हणून अपारदर्शक स्लीव्ह लागतात, नाहीतर पुढचं पान कुठलं ते दिसतं. आणि पानावर काहीही छापलेलं असो, खेळताना लागू होतो तो आजचा अधिकृत मजकूर. माझी निम्मी भांडणं इथेच सुरू होतात, कारण माणूस हातातल्या छापील शब्दावर विश्वास ठेवतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तर फायनल. पाच जण, दोन तासांची मर्यादा, दीड तास होत आलेला, दोघं बाद झालेले आणि तीन उरलेले. पहिला एक मुरलेला खेळाडू. त्याचं सावज एक तरुण मुलगा, त्याच्याकडे ५ पूल. त्या मुलाचं सावज एक बाई, त्यांच्याकडेही ५ पूल. आणि त्या बाईंचं सावज अर्थातच तो मुरलेला, वर्तुळ आहे ना.

मुरलेल्याची पाळी सुरू व्हायच्या जरा आधी त्या मुलाने हात वर केला. मी त्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले, त्याने हातातलं एक पान फक्त मला दिसेल असं तिरकं केलं. डिफ्लेक्शन, जिहादच्या वेळचं, स्लीव्हच्या आतसुद्धा कोपरे पांढरे पडलेले दिसत होते. तुमच्यावर आलेला ब्लीड दुसऱ्या मेथुसेलावर वळवायचं पान. मग त्याने टेबलावरच्या आपल्या एका व्हॅम्पायरकडे बोट केलं, जो आडवा होता, लॉक होता, आणि कुजबुजला, "हा लॉक आहे, याला वेकने उठवून हे खेळता येईल का?"

प्रश्न साधा वाटतो पण नाहीये. लॉक असलेला व्हॅम्पायर एरवी ब्लॉक करू शकत नाही, म्हणजे समोरच्याची कृती अडवू शकत नाही, आणि रिअ‍ॅक्शनही, म्हणजे त्या कृतीला उत्तर म्हणून टाकायचं पान, खेळू शकत नाही. वेक विथ इव्हनिंग्ज फ्रेशनेस हे पान त्याला जणू तो लॉक नाहीच असं वागू देतं, पण पान आडवंच राहतं. आणि डॉमिनेट ही शक्ती साध्या पातळीवर असेल तर डिफ्लेक्शन म्हणतं, या व्हॅम्पायरला लॉक करा. जो आधीच लॉक आहे त्याला लॉक कसा करणार? इथे सगळं यावर अडतं की ते लॉक करणं म्हणजे किंमत आहे की परिणाम. किंमत असेल तर जे देता येत नाही ते देऊन पान खेळता येणार नाही. परिणाम असेल तर घडलं तर घडलं, आधीच आडवा असेल तर काही फरक पडत नाही. मी माझ्यापुरतं हे मराठीत असं समजून घेते: "लॉक करून वळवा" असं असतं तर ती किंमत, इथे "लॉक करा" ही नुसती सूचना आहे. फोनवर अधिकृत मजकूर आणि त्यावरचं रुलिंग पुन्हा एकदा बघितलं, खात्री केली आणि त्याच्या कानात सांगितलं, "हो, येईल." त्याने मान हलवली. मी माझ्या जागी गेले.

मग मुरलेल्याने गव्हर्न द अनअलाइन्ड खेळून ब्लीड जाहीर केला. साधा १, त्यात पानाचे २, एकूण ३. मुलगा म्हणाला, ब्लॉक नाही. आता मुरलेल्यापुढे खरा पेच होता, कारण कृती करणाऱ्याला आधी बोलावं लागतं. त्याने आणखी काही नाही म्हणलं आणि समोरचाही नाही म्हणला तर कृती तशीच पूर्ण होते, ३ पूल जातात आणि मुलगा २ वर जगतो. त्याने मुलाच्या आडव्या व्हॅम्पायरकडे बघितलं, जरा थांबला, आणि कंडिशनिंग टाकलं, वरच्या पातळीवर, आणखी ३. एकूण ६. मुलाकडे ५.

मुलाने शांतपणे वेक ठेवलं, त्यावर डिफ्लेक्शन ठेवलं आणि त्या बाईंकडे बोट केलं.

टेबल एकदम गप्प. मग मुरलेला म्हणाला, "जज!"

त्याचं म्हणणं अगदी नीट होतं. हा आधीच टॅप आहे, पानावर टॅप करा लिहिलंय, टॅप झालेल्याला टॅप करता येत नाही, सबब पान बाद. नंतर कळलं की तो कित्येक वर्षं हे असंच समजत होता आणि याच हिशोबावर त्याने कंडिशनिंग टाकलं होतं. तो आडवा व्हॅम्पायर डिफ्लेक्शन खेळू शकतो हे माहीत असतं तर त्याने ३ वरच सोडलं असतं, कारण आता ६ चा ब्लीड बाईंवर चालला होता आणि त्या गेल्या तर पॉइंट आणि ६ पूल त्यांच्या शिकाऱ्याला, म्हणजे ज्याला तो मारायला निघाला होता त्याच मुलाला. बाईसुद्धा त्याच्याच बाजूने बोलायला लागल्या, साहजिक आहे, जीव त्यांचा जाणार होता.

मी रुलिंग दिलं. लॉक करणं ही किंमत नाही, पान चालतं. फोन मध्ये ठेवून दोघांना मजकूर दाखवला. मुरलेल्याने दोनदा वाचलं, ओठ आवळले आणि म्हणाला, "ठीक आहे, मान्य." मला त्या क्षणी त्याच्याबद्दल फार आदर वाटला.

मुलाचा हात बाईंच्या पूलच्या मण्यांकडे जवळजवळ पोचला होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब, मी ब्लॉक करते." त्यांचा एक व्हॅम्पायर उभा होता, लॉक नव्हता.

आता "जज" म्हणायची पाळी मुलाची. "ब्लॉक तर संपलेत! पानावरच लिहिलंय की ब्लॉक नाकारल्यानंतरच हे खेळायचं, मग आता ब्लॉक कुठून आला?"

शब्द बघितले तर त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण नाकारले होते ते त्याने, त्याच्या व्हॅम्पायरांच्या वतीने. ब्लीड ही एका ठरावीक मेथुसेलावर रोखलेली कृती आहे, ती अडवण्याचा हक्क ज्याच्यावर रोखली आहे त्याचा. रोख बदलला की नवीन माणसाला तो हक्क मिळतो, बाईंना तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. पाच मिनिटांत दुसरं रुलिंग आणि हे त्याच्या विरुद्ध. बाई ब्लॉक करू शकतात.

मुरलेल्याने हातातल्या पानांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, स्टेल्थ नाही, म्हणजे ब्लॉक चुकवायला काही नाही. त्याला तरी कशाला हवा होता, हा ब्लीड अडला तर त्याच्यापेक्षा खूश कोणी नव्हतं. ब्लॉक झाला, दोन व्हॅम्पायरांची किरकोळ मारामारी झाली, दोघांचं एकेक रक्त गेलं आणि सगळं जागच्या जागी. फक्त मुलाच्या हातातली दोन चांगली पानं गेली होती. पुढच्या दोन फेऱ्यांत तो बाद झाला.

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. दुसरं रुलिंग दिल्यावर त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, चिडून नाही, गोंधळून, आणि म्हणाला, "तुम्हाला हे माहीत होतं. मघाशीच का नाही सांगितलंत?"

खरंय, माहीत होतं. आणि त्याला ते माहीत असतं तर ३ च्या ब्लीडवर त्याने वेक काढून स्वतःच ब्लॉक केला असता, डिफ्लेक्शन पुढच्या पाळीसाठी हातात राहिलं असतं. मी त्याला एवढंच म्हणाले की तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं, आणि खेळ पुढे चालू केला, घड्याळ चालू होतं.

घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत हेच डोक्यात. मी बरोबरच वागले असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. तो नियम त्याला आपणहून कानात सांगणं म्हणजे त्याला खेळ शिकवणं झालं असतं, आणि त्या बाई दीड तास झुंजून ५ पूलवर आलेल्या, त्यांच्या पाठीमागे मी त्यांच्या शिकाऱ्याला मदत केली असती. जजने विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, पूर्ण आणि खरं, आणि न विचारलेल्याला हात लावायचा नाही. पण "हो, येईल" हे पूर्ण होतं का? शब्दांत होतं. त्याला मात्र ते "हो, तू वाचशील, पॉइंटही मिळेल" असं ऐकू गेलं असणार, आणि माझ्या तोंडून गेलेल्या शब्दाचा दुसऱ्याच्या कानात काय अर्थ होतो याची जबाबदारी थोडी तरी माझीच आहे ना.

तेव्हापासून एक गोष्ट बदलली. फेरी सुरू व्हायच्या आधी, पानं पिसणं चाललेलं असतं, कोणाच्या हातात काय येणार ते कोणालाच माहीत नसतं, तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने दोन-तीन गोष्टी सांगते. लॉक करणं कुठे किंमत आणि कुठे परिणाम, वळवलेला ब्लीड नवीन माणूस ब्लॉक करू शकतो, एकाच कृतीत एक व्हॅम्पायर तेच रिअ‍ॅक्शन पान दोनदा खेळू शकत नाही. त्यावेळी त्यात कोणाचाच फायदा नसतो म्हणून सगळ्यांना सांगता येतं.

त्या फायनलनंतर बक्षीस वगैरे झालं, लोक टेबलं आवरत होते, आणि तो मुलगा आपला डेक घेऊन माझ्या समोर येऊन बसला. मला वाटलं भांडायला आलाय. त्याने ते पांढऱ्या कोपऱ्यांचं डिफ्लेक्शन काढून मध्ये ठेवलं आणि म्हणाला, "समजा त्या बाईंकडे पण हे असतं आणि त्यांनी माझ्यावरच परत वळवलं असतं, तर माझा तोच व्हॅम्पायर दुसरं डिफ्लेक्शन खेळला असता का?"

"तोच नाही. दुसरा असता तर हो."

"बरं, आता पुढचं," म्हणाला आणि त्याने दुसरं पान काढलं. आम्ही दिवे बंद करेपर्यंत बसलो होतो.