रात्री दोनचा रन सकाळी साडेसातला का चालला

चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलं मी. दर रिलीजच्या आधी रिग्रेशन, म्हणजे नवीन काही घातल्यामुळे जुनं बिघडलं नाही ना ते बघायचं, आणि ते एक्सेल समोर ठेवून हाताने क्लिक करत तीन दिवस चालायचं. मग गेल्या वर्षी टीममध्ये ठरलं की हे सगळं ऑटोमेट करायचं, आणि ते माझ्याकडे आलं. जावा थोडं येत होतं, सेलेनियमचा, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलचा, कोर्स केला होता. अडलं ते शब्दांवर. मीटिंगमध्ये ब्रँच, मर्ज, पाइपलाइन, क्रॉन असं सगळे भराभर बोलायचे, मी वहीत लिहून घ्यायचे आणि घरी येऊन अर्थ शोधायचे. अर्थ सापडायचा पण डोक्यात बसायचा नाही.

पहिला बसला तो कमिट. दिवसभर कोड लिहून मी कमिट करत होते आणि संध्याकाळी सहकारी विचारतोय, अगं तुझा कोड कुठंय, मला काहीच दिसत नाहीये. कमिट म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर केलेली नोंद, ती सर्व्हरवर जाते पुश केल्यावर. एवढं एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना झालेली टक्कर, आला तेव्हा मात्र खरंच घाबरले. फाईल उघडली तर कोडच्या मधोमध डावीकडे तोंड केलेली सात कंसासारखी चिन्हं, पुढे हेड लिहिलेलं, खाली सात बरोबरची चिन्हं, आणि शेवटी उजवीकडे तोंड केलेली सात. वाटलं फाईल करप्ट झाली. तसं काही नसतं. मी आणि एका सहकाऱ्याने आपापल्या ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या फांदीत, लॉगिनची एकच ओळ बदलली होती, आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, विचारत होतं की वरची ठेवू का खालची. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट बनवलं तेच मुळी लिनक्स कर्नलसाठी, जिथे जगभरातली माणसं एकाच कोडवर काम करतात, त्यामुळे असं होणारच हे त्यात धरलेलंच आहे. हवी ती ओळ ठेवायची, चिन्हं पुसायची, कमिट करायचं, झालं.

मग फ्लेकी टेस्ट. कोड तोच, एकदा पास एकदा फेल. मी पेज लोड व्हायला सरळ तीन सेकंदांचा स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ थांबणं, टाकला होता, आणि सर्व्हर स्लो असला की तीन सेकंदांत बटन यायचंच नाही. एक्स्प्लिसिट वेट लावल्यावर कळलं फरक काय ते, तो दर अर्ध्या सेकंदाला बघतो बटन आलं का, आलं की लगेच पुढे जातो, नुसता बसून राहत नाही.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते क्रॉनने. क्रॉन म्हणजे सर्व्हरला सांगून ठेवायचं की हे काम अमुक वेळी आपोआप कर. पाच खाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मला रिग्रेशन रोज रात्री दोनला हवं होतं म्हणून मी शून्य, दोन आणि पुढे तीन स्टार लिहिले. सकाळी साडेनऊला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, असतं, बघते तर रिपोर्टच नाही, रन अजून चालूच होता! सुरू झाला होता साडेसातला. दोन दिवस मी स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसले. शेवटी सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या डेव्हऑप्सवाल्याने लांबूनच बघून सांगितलं, "अगं, सर्व्हर यूटीसीवर आहे ना." यूटीसी म्हणजे जगाची प्रमाणवेळ. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे त्याचे दोन म्हणजे आपले साडेसात. मग ३० आणि २० लिहिलं, म्हणजे तिकडची रात्रीची साडेआठ, इकडची दोन.

वाटलं सुटलं. शनिवार-रविवारी रन नको म्हणून वाराच्या खान्यात १-५ टाकलं, सोमवार ते शुक्रवार. पुढच्या सोमवारी रिपोर्ट गायब, आणि त्याआधी शनिवारी पहाटे मात्र रन झालेला. यावेळी कोणाला विचारलं नाही, कागदावर मांडलं. आपल्याकडे सोमवारचे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा यूटीसीत अजून रविवारच असतो! म्हणजे वारही एक दिवस मागे घ्यायला हवा, रविवार ते गुरुवार, आणि क्रॉनमध्ये रविवार म्हणजे शून्य, म्हणून ०-४. हे बदललं, पुश केलं आणि घरी गेले.

त्यानंतरच्या सोमवारी सव्वानऊला लॅपटॉप उघडला तर रिपोर्ट मेलमध्ये येऊन पडलेला. १८० पास, ४ फेल. त्यातले तीन माझ्याच स्क्रिप्टचे दोष होते, चौथा खरा बग निघाला, कूपन लावल्यावर एकूण रक्कम बदलत नव्हती. स्टँडअपमध्ये तो पहिला मी सांगितला.