बापूशी बोलायला शिकताना

माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे बापूला, स्किझोफ्रेनिया हा भास-भ्रमांचा मानसिक आजार असल्याचे निदान झाले, तेव्हा गोळ्या कशा द्यायच्या हे डॉक्टरांनी नीट समजावून दिले. त्याच्याशी बोलायचे कसे, हे मात्र कोणी सांगितले नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात त्याआधीचे वर्ष झाडफुकीतच गेले होते.

“विहिरीत कोनं तरी फवाऱ्याचं औषध टाकलं,” असे बापू म्हणत असे, आणि बाबांचे उत्तर ठरलेले असे: “कोनी काई टाकलं नाई, तुया डोक्यातच भरलं हाये ते.” मग बादली अंगणात फेकली जाई आणि बापू दोन-दोन दिवस जेवत नसे.

पुढे तालुक्याला अशा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चार रविवार प्रशिक्षण झाले, त्यास मी बाबांना बळेच घेऊन गेले. दुसऱ्या रविवारी सतरंजीवर जोड्या करून सराव होता. बाबा बापू झाले आणि मी त्यांचेच ते वाक्य त्यांच्याच आवाजात त्यांना ऐकवले. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आजार घरच्यांमुळे होत नाही, हे शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले, आणि माझ्या आईला त्या एका वाक्याची फार गरज होती. परंतु घरातील बोलण्याचा आजार उलटण्याशी संबंध असतो. लंडनमध्ये १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतत टीका, राग किंवा श्वास कोंडेल इतकी काळजी असलेल्या घरांत, विशेषतः आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर सहवास असल्यास, आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले होते. उन्हाळ्यात शेतात काम नसताना आमचे सारे घर दिवसभर एकाच ओसरीवर असते, तेथे हे ३५ तास तीन दिवसांतच भरतात. पुढे अशाच अभ्यासात चंदीगडच्या कुटुंबांत टीका लंडनपेक्षा कमी आढळली, मात्र कौतुकाचे शब्दही कमीच आढळले. हे ऐकताना मला आमचेच घर दिसले.

शिकवलेले ऐकायला सोपे आहे. भ्रमाला होकार द्यायचा नाही आणि तो खोडतही बसायचे नाही; त्यामागची भीती ओळखून तेवढीच बोलून दाखवायची. एका वेळी एकच गोष्ट, तीही छोट्या वाक्यात सांगायची, आणि उत्तराला वेळ द्यायचा. “तू आळशी झालास” याऐवजी “आज तू ढोरांना कुटार टाकलेस, मला बरे वाटले” असे, घडलेल्या कामाचे नाव घेऊन म्हणायचे. हे शेवटचे आम्हाला सर्वांत जड गेले, कारण आमच्याकडे पोराचे कौतुक तोंडावर करायची रीतच नाही.

तो जीव देण्याचे बोलू लागला, तर नुसते ऐकून भागत नाही. तेव्हा थेट विचारायचे, फवारणीचे औषध कुलपात ठेवायचे, त्याला एकटे सोडायचे नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आम्ही चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.

गेल्या महिन्यात विहिरीचा विषय पुन्हा निघाला. बाबा थांबले आणि म्हणाले, “भेव वाटते का तुले?” बापू हो म्हणाला, आणि बाबा त्याच्याजवळ नुसते बसून राहिले. विहिरीचे पाणी तो अजून पीत नाही, पण सकाळी हापशीवरून स्वतः गुंड भरून आणतो आणि त्या दिवशी जेवतो.